चेक, सही आणि ओळख

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमची अशी समजूत झाली की, आम्ही जन्मभर शिक्षकी केलेली असल्यामुळे मुलांच्या अभ्यासाविषयी चार शब्द सांगावेत अशी मंडळींची इच्छा असावी. परंतु चिटणिसांनी सुचविलेला विषय निराळाच निघाला. बँकेत चेक वटवावयास गेले असता तेथील माणसे ‘आपण कोण?’ असे का विचारतात, आणि त्या प्रश्नाचा राग का मानू नये, हा तो विषय होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याशी आमचा संबंध काय तो वाचनापुरता. तथापि हा विषय आमच्याकडे येण्यास कारण आहे. चेकाच्या बाबतीत आमच्या हातून दोन चुका व्हावयाच्या होत्या. पैकी एक झाली व दुसरी होता होता राहिली. त्या दोन्ही आज मोकळ्या मनाने सांगावयाच्या आहेत.

तरुण मंडळी म्हणतील की, मोबाइलवरून पापणी लवते न लवते तोच पैसे पाठविता येत असता चेकाचे हे पुराण हवे कशाला? त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून भाजीवालीच्या पाटीवरही ते चौकटीचे चित्र दिसू लागले. परंतु सत्तरी उलटलेली आपल्या घरची किती माणसे त्या चित्रासमोर मोबाइल धरतात, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती चेकाने दिली जाते, निराधार भगिनींची मदत चेकाने जाते. तेव्हा ज्यांना पैशाची निकड सर्वांत अधिक, त्यांच्याच हाती आजही चेक असतो.

ओळख पटविल्यावाचून पैसे न देणे ही काही परक्यांनी आणलेली रीत नव्हे. आपल्या समाजाची मागची पिढी अडतीवर आणि पेढ्यांवर वावरलेली. त्यांच्या तोंडी हुंड्यांची जी नावे असत ती आम्ही लहानपणी ऐकलेली आहेत. देखणहार हुंडी जो आणून दाखवील त्याला वटत असे. नामजोग हुंडीचे पैसे जिच्यावर ज्याचे नाव त्यालाच मिळत. आणि शहाजोग हुंडी सर्वांत भारी. तिचे पैसे केवळ शहाला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा प्रतिष्ठित सावकारालाच द्यावयाचे. मुनीम हुंडी हाती घेई तो आधी कागदाकडे पाही, मग अक्षराकडे, आणि शेवटी आणणाऱ्याच्या तोंडाकडे. हुंडी पुढे चोरीची किंवा बनावट ठरली तर ज्या शहाने पैसे उचलले त्याने ते परत करावेत असा रिवाज होता, म्हणून शहा कोण हे ठाऊक असणे अगत्याचे. असे असता आज बँकेने ओळखपत्र मागितले की आपला अपमान झाला असे आपल्याला का वाटावे, हे आम्हांस उमगत नाही. अर्थात आम्हांसही पूर्वी तसेच वाटत असे.

आता पहिली चूक. आम्ही नोकरीत होतो आणि मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीचे कामही आमच्याकडे होते. एका मुलीला तीन हजार रुपयांचा चेक द्यावयाचा होता. आम्ही तिचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले, तारीख घातली, दोघांच्या सह्या झाल्या, आणि त्या गावी जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती पाकीट दिले. आठ दिवसांनी मुलीच्या वडिलांचे पत्र आले की, चेक पोहोचला नाही. बँकेत चौकशी केली तर पैसे चार दिवसांपूर्वीच रोख दिले गेलेले! आमचा संताप अनावर झाला. चेकावर नाव मुलीचे असता पैसे पुरुषाला दिलेच कसे, असा आम्ही व्यवस्थापकांच्या टेबलावर हात आपटून प्रश्न केला.

त्या गृहस्थांनी शांतपणे कोरा चेक काढला आणि नावाच्या ओळीच्या शेवटी बोट ठेवले. तेथे छापलेले असते: ‘या धारक को’, आणि त्याच्या जोडीला इंग्रजीत ‘ऑर बेअरर’. “गुरुजी,” ते म्हणाले, “आपण एवढे सुंदर नाव लिहिलेत, पण हे शब्द खोडले नाहीत. म्हणजे आपणच आम्हांला लिहून दिलेत की, या मुलीला द्या किंवा जो आणील त्याला द्या.” चाळीस वर्षे मुलांना वाक्याचा अर्थ लावावयास शिकविणाऱ्या आम्ही तो छापील शब्द कधी वाचलाच नव्हता.

कायदा १८८१ सालचा आहे. पराक्राम्य संलेखांचा कायदा असे त्याचे भारदस्त मराठी नाव. त्याच्या ८५ व्या कलमाचा आशय असा की, मूळचा बेअरर चेक असेल तर बँकेने तो आणणाऱ्याला रीतसर पैसे दिले म्हणजे ती मोकळी झाली. चेकाच्या पाठीमागे जी सही घेतात ती पैसे मिळाल्याची खूण म्हणून. पैसे उचलणारा कोण होता ते आम्हांस पुढे कळले. नाव सांगणार नाही. त्याची मुले आज या सभागृहात असू शकतील आणि त्यांचा त्यात काही दोष नाही. ती रक्कम आम्ही पगारातून भरून दिली. परंतु मुलीची फी मुदतीनंतर भरली गेली, व दंड तिच्या वडिलांना पडला. ती मुलगी किंवा तिचे वडील आम्हांस एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

ते दोन शब्द खोडले की चेक ऑर्डरचा होतो. मग ज्याचे नाव आहे तोच हा, अशी खात्री करून घेणे बँकेला भाग पडते आणि येथेच ओळखपत्राची मागणी येते. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या म्हणजे चेक क्रॉस झाला. त्याचे पैसे खिडकीवर रोख मिळतच नाहीत, कोणत्या तरी खात्यातच जमा होतात. रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहिले तर ज्याचे नाव त्याच्याच खात्यात. आमच्या मते हा आजचा शहाजोग कागद होय, कारण पैसे घेणाऱ्याची ओळख एका बँकेने दुसरीला दिलेली असते.

खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाची अडचण आपण कधी ध्यानात घेत नाही. चेक हाती आला की त्याने पाहावयाचे ते असे: तारीख तीन महिन्यांच्या आतली आहे ना (पूर्वी सहा महिने चालत असे, १ एप्रिल २०१२ पासून ती मुदत तीन महिन्यांची झाली), अक्षरी व अंकी रक्कम एकच आहे ना, खाडाखोड नाही ना, खात्यात शिल्लक आहे ना, आणि सही नमुन्याच्या सहीशी जुळते ना. हे सर्व पाहावयास त्याला फारच थोडा वेळ मिळतो आणि रांगेतला पुढचा गृहस्थ घड्याळाकडे पाहत असतो. त्यात कायद्याची कात्री दोन्हीकडून. ३१ वे कलम म्हणते, खात्यात पैसे असता व चेक बरोबर असता विनाकारण परत केलास तर खातेदाराची नुकसानी भरून दे. १० वे कलम म्हणते, पैसे प्रामाणिकपणे आणि निष्काळजीपणा न करता दे, आणि समोरच्याला ते घेण्याचा हक्क नाही असा संशय येण्यास सबळ कारण दिसले तर ती रीतसर फेड ठरणार नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच. बँकेत ज्याचे खातेच नाही अशा माणसाचा व्यवहार पन्नास हजार रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर ओळख पटविणे हे नियमानेच आवश्यक आहे. कित्येक बँका त्याहून लहान रकमेलाही ओळखपत्र मागतात. ते आम्हांस गैर वाटत नाही.

सही खोटी असेल तर काय? येथे कायदा खातेदाराच्या बाजूने फार खंबीर उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कॅनरा बँकेच्या एका प्रकरणात निकाल दिला. एका कंपनीच्या हिशेबनिसाने संचालकांच्या खोट्या सह्या करून अनेक चेक वटविले होते. बँकेचे म्हणणे असे की, कंपनीने पासबुक वेळच्या वेळी तपासले असते तर हे उघडकीस आले असते. न्यायालयाने ते मानले नाही. ज्या चेकावर खातेदाराची सहीच नाही तो त्याचा हुकूमच नव्हे, आणि हुकूम नसता दिलेले पैसे बँकेचे गेले. परंतु याची दुसरी बाजू शंभर वर्षांपूर्वीच्या विलायतेतील एका निकालात आहे. लंडनच्या एका व्यापारी पेढीतील कारकुनाने दोन पौंडांचा बेअरर चेक घाईत असलेल्या भागीदारापुढे सहीला ठेवला. अक्षरी रक्कम लिहिलेली नव्हती, आणि दोनच्या आकड्याच्या दोन्ही अंगांना जागा मोकळी होती. सही झाल्यावर कारकुनाने अलीकडे एक आणि पलीकडे शून्य घालून एकशेवीस पौंड उचलले व तो परागंदा झाला. १९१८ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ठरविले की, हे नुकसान पेढीचे. कारण चोराला जागा तिने करून दिली. आम्ही वर्गात मुलांना आकड्याशेजारी जागा सोडू नका म्हणून ओरडत असू, त्यामागे एवढे मोठे शास्त्र आहे हे आम्हांसही ठाऊक नव्हते.

ओळख कशावरून पटवावी हा मात्र मुळातला अवघड प्रश्न आहे. चेहऱ्यावरून, सहीवरून की आवाजावरून? आवाजाची गोष्ट निघाली म्हणजे येथील वडीलधाऱ्यांना २४ मे १९७१ हा दिवस आठवेल. दिल्लीच्या पार्लमेंट स्ट्रीटवरील स्टेट बँकेचे मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना दूरध्वनी आला. पलीकडून पंतप्रधान इंदिरा गांधींचा आवाज ऐकला अशी त्यांची खात्री झाली, आणि सांगितलेली खूण पटली म्हणून त्यांनी साठ लाख रुपये पेटीत भरून रुस्तम सोहराब नगरवाला या माणसाच्या हवाली केले. चेक नाही, पावती नाही. पावती मागावयास ते पंतप्रधानांच्या निवासस्थानी गेले, तेव्हा तेथून असा दूरध्वनी झालाच नाही असे कळले. नगरवाला त्याच दिवशी पकडला गेला, बहुतेक रक्कम हाती आली, व पुढल्या वर्षी तो कैदेत असतानाच वारला. त्या प्रकरणाचे सगळे धागे उलगडले असे कोणी म्हणत नाही. आमचा मुद्दा एवढाच की, तीस-चाळीस रुपयांची तफावत रात्री बसून शोधणारा रोखपाल मोठ्या नावाचा आवाज ऐकताच साठ लाखांना ओळख विचारावयास विसरला. मोबाइलवर साहेबाचा किंवा नातवाचा आवाज काढून पैसे उकळणारी जी मंडळी हल्ली निघाली आहेत, त्यांचा मार्ग हाच.

आता दुसरी गोष्ट. ही सांगावी की सांगू नये याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

आमचे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, अर्धांगवायूने अंथरुणास खिळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. परंतु समज पुरी शाबूत होती. पेन्शनचे खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर. औषधपाण्याला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी डाव्या हाताने कशीबशी सही केली व चेक घेऊन आम्ही बँकेत गेलो. सही जुळत नाही म्हणून चेक परत आला. आम्ही तेथे जे बोललो ते शिक्षकास शोभणारे नव्हते. “आम्ही त्यांचे सख्खे भाऊ, सबंध गाव आम्हांस ओळखतो,” असे आम्ही म्हणालो. खिडकीवरची मुलगी पंचविशीची असेल. ती म्हणाली, “गुरुजी, आपल्याला मीही ओळखते. पण सही आपली नाही ना, त्यांची आहे.”

त्या रात्री पुतण्या म्हणाला, “काका, तुमचे अक्षर चांगले आहे. तुम्हीच करा ना सही. पैसे दादांचे, दादांसाठीच काढायचे. यात पाप ते काय?” आणि आम्हांस ते पटले, हे आज येथे कबूल करतो. दादांची जुनी पत्रे समोर घेऊन कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही त्यांची सही गिरविली. सातवी की आठवी सही इतकी हुबेहूब उठली की, आम्हांस मनातून थोडा अभिमानही वाटला. तेवढ्यात वहिनी पाण्याचा तांब्या ठेवावयास आल्या. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, “भावोजी, ही सही कोणाची?” आम्ही म्हणालो, “दादांची.” त्या म्हणाल्या, “त्यांचा उजवा हात तर महिनाभर हललेला नाही.” एवढे बोलून त्या आत गेल्या. तो कागद आम्ही चुलीत घातला.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना भेटून, आदल्या दिवशीच्या बोलण्याबद्दल क्षमा मागून, घरची स्थिती सांगितली. त्यांनी सांगितले की, अशा प्रसंगासाठी रिझर्व्ह बँकेने रीत घालून दिलेली आहे. आजारी खातेदार सही करू शकत नसेल तर त्याच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. मात्र तो बँकेच्या ओळखीच्या दोन तटस्थ साक्षीदारांसमोर घ्यावयाचा, आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उठविता येत नसेल तर चेकावर नुसती खूण करावयाची, साक्षीदार तसेच दोन, आणि पैसे कोण नेणार हे खातेदाराने दाखवून द्यावयाचे. त्या माणसाचीही ओळख साक्षीदारांनी पटवावयाची व त्याची सही बँकेने ठेवून घ्यावयाची. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र हा मार्ग बंद. मग न्यायालयाकडून पालक नेमून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

दुपारी एक अधिकारी घरी आले. आमच्या गल्लीतील डॉक्टर, त्यांचे खाते त्याच बँकेत, साक्षीस आले. डाव्या अंगठ्याचा ठसा घेण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी दादांच्या कानाशी वाकून विचारले, “पैसे काढायचे आहेत का?” दादांनी मान हलविली. रक्कम सांगितली, मान हलविली. मग त्यांनी विचारले, “कोणाच्या हाती द्यायचे?” हा प्रश्न विचारावयाचा असतो हे आमच्या ध्यानीही नव्हते. इतके दिवस धावपळ आमची, चेक आमच्या खिशात, बँकेत भांडलो आम्ही. दादांनी डावा हात उचलला आणि उंबऱ्याशी उभ्या असलेल्या वहिनींकडे केला.

वहिनींना त्यांच्या चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात पैसे मोजून हाती घेण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. आम्ही गिरविलेली सही चालून गेली असती तर दादांचे मन कोणालाच कळले नसते, आणि बँकेलाही नाही.

अशाच एका प्रकरणात विलायतेत निराळे घडले. बायको आपली खोटी सही करून पैसे काढते हे नवऱ्याला कळले, पण तिने विनविल्यामुळे तो गप्प बसला. पुढे बायकोच्या मृत्यूनंतर त्याने बँकेकडे पैसे मागितले. न्यायालयाने दिले नाहीत. कळल्याबरोबर बँकेला सांगणे हे तुझे काम होते, असे त्याला सांगण्यात आले. तो निवाडा १९३३ च्या संग्रहात छापलेला आहे. घरची अब्रू म्हणून गप्प बसण्याची सवय आपल्याकडेही थोडीथोडकी नाही, म्हणून सांगितले.

ज्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी काय करावे ते थोडक्यात सांगतो. माणूस हिंडता-फिरता आहे तोवरच खात्यावर दुसरे नाव घालून घ्यावे व ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी नोंद करावी. वयोमानाने सही बदलते. हात कापू लागला की नवा नमुना देऊन यावे, त्यात लाज कसली? सही मराठीत करावी. ती पूर्णपणे चालते, आणि मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या आयाबहिणींनी इंग्रजी अक्षरांची चित्रे काढण्यापेक्षा स्वतःचे नाव लिहिणे अधिक सोपे. सत्तर वर्षांवरील व अपंग खातेदारांना घरपोच रोख रक्कम आणून देण्याची सोय बँकांनी करावी असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये कळविलेले आहे. ती मागून घ्यावी लागते. कोऱ्या चेकांवर सह्या करून पुस्तक मुलाच्या कपाटात ठेवण्याची जी पद्धत काही घरांत आहे तिला आमचा सक्त विरोध आहे, मग मुलगा कितीही गुणी असो. त्या सह्या खऱ्या असल्यामुळे बँकेला दोष देता येत नाही. आणि ओळखपत्राची नक्कल देताना तिच्यावर तारीख व कोणत्या कामासाठी दिली ते लिहावे.

राहता राहिली नावाची गोष्ट. लग्नानंतर मुलीचे नाव बदलते, शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासबुकात तिसरे. मंडळाच्या चेकावर आपण मायेने घरचे नाव लिहितो आणि ती बिचारी दोन बँकांच्या पायऱ्या झिजविते. या सभेनंतर ज्या शिष्यवृत्त्या वाटावयाच्या आहेत त्यांचे एकवीस चेक चिटणिसांच्या टेबलावर आहेत. सगळ्यांवर दोन रेघा मारलेल्या आहेत, मधे अक्षरे घातलेली आहेत आणि ‘धारक’ हा शब्द आम्ही स्वतः एकेक करून खोडलेला आहे. विद्यार्थ्यांनी चेक घेऊन जाण्यापूर्वी आपले पासबुक काढून नाव अक्षरशः ताडून पाहावे. फरक आढळल्यास येथेच सांगावे. नवा चेक लिहावयास आम्ही चहा होईपर्यंत बसून आहोत.